नावाचं पान

आग्नेसबाई कुठल्याही घरात शिरल्या की आधी खाट शोधायच्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट. ती माजघरात आहे, ओटीवर आहे, की मागच्या पडवीत सरपणाशेजारी? तिथून चुलीपाशी चाललेलं बोलणं ऐकू येतं का? पाण्याचा तांब्या हाताशी आहे की उठावं लागेल इतका लांब? हे सगळं बघून होईपर्यंत तोंडानं त्या भलतंच काही बोलत असायच्या. केळीवर यंदा रोग पडला का, धाकटीचं कुठं जमलं का. समोरच्याला पत्ताही नसायचा की आपल्या घराची पाहणी उरकलीसुद्धा.

"प्रश्न मागाहून विचारायचे, मंदा," त्या मला म्हणायच्या. "माणसं पाहुण्यासमोर खोटं बोलतात. खाट हलवायला मात्र वेळ लागतो."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सरकारला धोरणं सुचवणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेनं वसई तालुक्यात अभ्यास काढला होता. खेड्यातल्या वृद्धांना कोण सांभाळतं, आणि सत्ता बदलली की त्या सांभाळण्यात काही फरक पडतो का, असा विषय. निवडणुकीआधी एक फेरी, नंतर एक, आणि काही वर्षांनी तिसरी. घरं तीच, माणसं तीच. मी बोळिंजची, नुकती एम.ए. झालेली. आकडे मांडायचं काम माझ्याकडे होतं. वसईत कोर्टाजवळ एका छापखान्याच्या वर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं, आणि गावोगाव फिरून फॉर्म भरायला नेमल्या होत्या आग्नेसबाई लोपीस.

भुईगावच्या. वय पन्नाशीच्या पुढे. प्राथमिक शाळेतली नोकरी आईच्या आजारपणापायी मुदतीआधीच सोडलेली. अंगानं किरकोळ, साडी घोट्याच्या चार बोटं वर, कारण वाळूतून चालायचं असे. आवाज मात्र चार वर्ग एकदम सांभाळलेल्या मास्तरणीचा. तो आवाज खाटेजवळ बसल्या की इतका खाली यायचा की मला शेजारी असून ऐकू येत नसे. पिशवीत फॉर्मांबरोबर सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी असायची, दात नसलेल्यांना चघळायला, आणि एक नखं कापायचं यंत्र. प्रश्न विचारता विचारता त्या समोरच्याची नखं कापत. "हात हातात असला की माणूस उत्तर देतं," म्हणायच्या. बोली तर फाटकागणिक बदलायची. ख्रिस्ती वाडीत एक, आमच्या वाडवळांत दुसरी, कोळीवाड्यात तिसरी. त्या फक्त कुत्र्यांना भ्यायच्या. साधं पिल्लू दिसलं तरी माझ्या दंडाला धरून मागे उभ्या राहायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "हसू नको."

किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातलं पहिलं घर मला आठवतं. म्हातारा ओटीवर. सगळी उत्तरं सूनच देत होती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, झोप छान. म्हातारा मान हलवत होता. मी फॉर्मवर खुणा करत होते. आग्नेसबाईंनी सुनेला सांगितलं, "बाय, चहा टाकशील? साखर कमी घाल हां." ती आत गेली. बाईंनी म्हाताऱ्याचा दुसरा हात घेतला.

"बाबा, दिवस मावळल्यावर काय पिता?"

म्हाताऱ्यानं सून गेली त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "पानी नाय पीत. पानी प्यालं की राती उठावं लागतं. दिसत नाय. हिला उठवावं लागतं. लाज वाटते बाय."

आमच्या फॉर्मात यासाठी रकानाच नव्हता. बाईंनी ते समासात लिहिलं. त्या समासात फार लिहीत. सुरुवातीला आमचे संचालक सबनीस साहेब त्यावरून चिडले. पुढे मुंबईहून आले की आधी समासच वाचू लागले.

बाहेर पडल्यावर मी सुनेबद्दल काहीतरी बोलले. निर्दय वगैरे. आग्नेसबाई भर वाटेत थांबल्या.

"पहाटे ती बंदरावर जाते. मासळी घेऊन बाजारात बसते. दुपारी येऊन रांधते. रात्री दोनदा उठते. तू तिला विचारलंस, तू जेवलीस का?"

मी फॉर्मवरच्या खुणांकडे पाहिलं.

"मी माझ्या आईला मारलंय, मंदा." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "अकरा वर्षं ती खाटेवर होती. सातव्या वर्षी एकदा तिनं भरलेलं ताट ढकललं. मी थोबाडीत दिली. आई रडली नाही. म्हणाली, 'तुझा हात दुखला असेल.' तेव्हापासून मी कुठल्या सुनेला नावं ठेवत नाही. आपण बघायचं ते खाट कुठं आहे. का आहे, ते ज्याचं त्याला माहीत."

त्या पुन्हा चालू लागल्या. मी मागून.

पहिली फेरी संपली, निवडणुका झाल्या, वरची माणसं बदलली आणि गावातलीही. जयवंतराव नावाचे एक पुढारी एकाएकी मोठे झाले. शेतजमिनीवर इमारती बांधायला आता परवानगी मिळणार, अशी हवा पसरली. अनोळखी गाड्या वाड्यांच्या कडेनं सावकाश जाऊ लागल्या. त्या दिवसांत आमची दुसरी फेरी सुरू झाली.

मी खूश होते. ओटीवरच्या खाटा आत गेल्या होत्या. नव्या गाद्या, नवी घोंगडी, कुणाकडे तर पंखासुद्धा. मी तक्ता मांडून बाईंना दाखवला. "बघा, बाई. सांभाळणं सुधारलंय."

त्यांनी तक्ता नीट पाहिला. "ज्यांच्या खाटा आत गेल्या, त्यांच्या स्वतःच्या नावावर वाडीची जमीन आहे का बघ."

मी पाहिलं. जवळजवळ सगळ्यांच्या होती.

"आता ज्यांच्या परत बाहेर आल्या ते बघ. यांनी मधल्या काळात जमिनीच्या कुठल्या कागदावर सही केलीय ते मी विचारून आलेय."

मी तो तक्ता फिरून मांडला. ज्यांची सही व्हायची होती त्यांची खाट आत. ज्यांची होऊन गेली त्यांची परत बाहेर. आग्नेसबाई एवढंच म्हणाल्या, "सरकार बदललं की म्हाताऱ्याची खाट हलते." सबनीस साहेबांना हे वाक्य फार आवडलं. मुंबईच्या एका बैठकीत त्यांनी ते म्हणून दाखवलं, आणि तिथून ते फिरत फिरत वसईत परत आलं असावं.

भुईगावात बस्त्याव आजोबा होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पुतण्या पावलू सांभाळायचा. दुसऱ्या फेरीत आजोबांनी बाईंना सांगितलं, की पावलूनं दवाखान्याचा कागद म्हणून त्यांचा अंगठा घेतला. बरोबर जयवंतरावांची दोन माणसं होती. कागद कुणी वाचून दाखवला नाही. बाईंनी ते जसंच्या तसं समासात उतरवलं. दाराआड पावलू उभा होता, हे आम्हाला निघताना कळलं.

दर फॉर्म भरायच्या आधी आग्नेसबाई एक वाक्य म्हणायच्या. "तुमचं नाव या फॉर्मातून बाहेर कुणाला कळणार नाही. हा माझा शब्द." संस्थेनं शिकवलेलं वाक्य ते. आम्ही बाकीचे ते भरभर म्हणून टाकायचो. त्या थांबून, तोंडाकडे बघून म्हणायच्या.

चार दिवसांनी भर दुपारी जयवंतराव ऑफिसात आले. बरोबर तिघं. ते तिघं दारातच उभे राहिले, म्हणजे आम्हाला बाहेर जायला वाट राहिली नाही. जयवंतराव खुर्चीत बसले. चहा मागितला, प्यायले, कप स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला.

"चांगलं काम करताय, बाई. आमच्या भुईगावचे फॉर्म जरा बघायला मिळतील का?"

"नाही मिळणार."

"आमच्याच गावची माहिती. आमच्यापासून काय लपवायचं?"

"गावची नाही. एकेका माणसाची आहे. त्यांना विचारा. ते सांगतील तर ऐका."

जयवंतराव हसले. उठताना खिडकीशी गेले, खाली पाहिलं. "भुईगावात कुत्री फार झालीत हल्ली. तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते म्हणे? संध्याकाळची एकटी फिरत जाऊ नका."

ते गेले. जिन्यावरचे पाय थांबेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही. बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

तीनच्या सुमारास खालच्या छापखान्यातून हाक आली. मुंबईचा फोन. बाई खाली गेल्या, मी मागे. यंत्रं बंद केली होती तरी सबनीस साहेब ओरडून बोलत होते, सगळं ऐकू येत होतं. मंत्रालयातून विचारणा झाली होती. संस्थेला सरकारी अनुदान होतं. विश्वस्त घाबरले होते. उद्या दहाला जीप येईल, भुईगावचे सगळे फॉर्म द्यावेत. ते इथं आणून सुरक्षित ठेवू.

"साहेब, कुणाला दाखवणार नाही असं लिहून द्याल?"

मग साहेबांचा आवाज खाली आला. "आग्नेसबाई, मी चाळीस माणसांचे पगार बघतो. मला नका विचारू हे."

मला त्या क्षणी साहेबांचाही राग आला नाही. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

वर येऊन बाईंनी भुईगावचा गठ्ठा काढला. वीस-बावीस फॉर्म. नाव आणि घर पहिल्या पानावर. आतल्या पानांवर नुसता क्रमांक. त्यांनी पहिल्या फॉर्मची टाचणी काढली आणि पहिलं पान वेगळं केलं.

"बाई, मग तिसरी फेरी कशी होणार? कोण कुठला ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"दोन फेऱ्यांचं काम आहे हे!"

"मला माहीत नाही का, मंदा?" आवाज वर्गातला झाला, मग लगेच उतरला. "तू घरी जा. तुझी नोकरी नवी आहे."

मी गेले नाही, त्यात फार शौर्य नव्हतं. एकटीनं तो जिना उतरायची मला भीती वाटली, हे खरं कारण. मी टाचण्या काढायला बसले.

पानं जाळून टाकू असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "आपली नाहीत ती. ज्याची त्याला द्यायची." आणि आम्ही भुईगावची बस धरली.

त्या संध्याकाळी आम्ही घरोघर हिंडलो. बाई खाटेपाशी जायच्या, पान हातात द्यायच्या. "यावर तुमचं नाव आहे. आता हे तुमच्याकडेच. ठेवा नाहीतर फाडा." एका आजीनं पान न बघताच चुलीत सरकवलं. एका आजोबांनी उशीखाली ठेवलं. एक म्हातारी म्हणाली, "माझं पूर्ण नाव लिवलंय? वाच गं." बाईंनी वाचलं. तिनं परत वाचायला लावलं, आणि पान घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात घातलं.

गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंना कुंपणं. एका वळणावर खरंच कुत्री होती, चार-पाच, आणि त्यांच्यामागे जयवंतरावांच्या तिघांपैकी एक जण सायकलला टेकून उभा. तो काही बोलला नाही. कुत्री भुंकायला लागली. आग्नेसबाईंनी माझा दंड धरला. मला त्यांची नखं लागली. मग त्यांनी दंड सोडला, पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटल्यासारखे करून सरळ चालत गेल्या. पदराचं टोक एकानं ओढलं, फाडलं. त्या थांबल्या नाहीत. सायकलवाल्याच्या पुढ्यात पोचल्यावर म्हणाल्या, "तू तिसरीत माझ्या वर्गात होतास. आईची तब्येत कशी आहे?"

तो चाचरला. म्हणाला, "बरी हाय, बाई." आणि त्यानं सायकल बाजूला घेतली.

बस्त्याव आजोबांचं घर शेवटचं. पावलू घरात नव्हता. खाट अजून आत होती, नवी गादी होती. बाईंनी पान पुढे केलं. आजोबांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि मी पाहिलं की त्यांची नजर ओळीवरून सरकते आहे.

"हे काय लिवलंस, आग्नेस? 'निरक्षर'?"

बाईंनी वाकून पान पाहिलं.

"तरुणपणी चर्चमध्ये गायन मंडळात होतो मी. पुस्तक बघून गायचो. सही येते मला. म्हणून तर विचारलं पावलूला, अंगठा कशाला? तो म्हणे, दवाखान्यात अंगठाच लागतो." आजोबांनी पान खाली ठेवलं. "तू मला नाय विचारलंस. तूपण पावलूलाच विचारलंस."

आग्नेसबाई खाटेच्या कडेला मटकन बसल्या. इतरांच्या घरी सुनेला चहाला पाठवणाऱ्या बाई. या एका घरी त्यांनी पुतण्याचं उत्तर लिहून घेतलं होतं. "चुकलं माझं, आजोबा," त्या म्हणाल्या.

"ते ऱ्हाऊ दे. हे पान मला नको. त्या फॉर्मला परत लाव."

"आजोबा, नाव कळेल त्यांना. तुम्हाला त्रास देतील."

"नाव लपवायला मी काय चोरी केलीय? तुझ्या शब्दातून मी तुला सोडलं. लाव परत. आणि उद्या मला वसईला ने. सही येणाऱ्या माणसाचा अंगठा कसा घेतला ते मी कचेरीतल्या साहेबासमोर सांगतो."

दुसऱ्या दिवशी दहाला जीप आली. बाईंनी गठ्ठा दिला. वर बस्त्याव आजोबांचा फॉर्म, नावासकट. 'निरक्षर' खोडून शेजारी बाईंनी स्वतःची सही केलेली. बाकीचे बिननावाचे. जीप गेल्यावर त्यांनी राजीनामा लिहिला नाही. "काढायचं तर त्यांनी काढावं," म्हणाल्या. महिनाअखेरीस त्यांनी काढलं.

जीप वळायच्या आतच आम्ही भुईगावला निघालो होतो. आजोबांना खुर्चीसकट टेम्पोत घालून आणलं. पावलू फाटकात आडवा उभा राहिला तेव्हा शेजारच्या दोन घरांतली माणसं नुसती बाहेर येऊन उभी राहिली. कुणी हात उचलला नाही. तेवढं पुरलं. वसईच्या कचेरीत आजोबांनी एकेक अक्षर काढत सही केली. कारकुनानं ती पाहिली, जुन्या कागदावरचा अंगठा पाहिला, आणि हरकत नोंदवून घेतली. तो व्यवहार तिथंच अडकला. आजोबा पुढच्या वर्षी वारले, स्वतःच्या घरात. तोवर पावलूनं त्यांना नीट सांभाळलं. हरकत मागे घेतील या आशेनं असेल, किंवा त्यालाही काही वाटलं असेल. आग्नेसबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "का ते त्याचं त्याला माहीत."

अहवाल छापून आला. खाटांचं प्रकरण त्यात दोन ओळींचं होतं. तिसरी फेरी झालीच नाही.

मग मी दुसरीकडे नोकरीला लागले. भेटी तुटत गेल्या. पाचेक वर्षांनी, एका रविवारी कामानिमित्त भुईगावला गेले, तेव्हा त्यांना पाहिलं. त्यानंतर पुन्हा दिसल्या नाहीत.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, संपली होती. चर्चच्या आवारात एका शाळेच्या बाकावर आग्नेसबाई बसल्या होत्या, केस पांढरे, चष्मा जाड. पुढे म्हाताऱ्या माणसांची रांग. ख्रिस्ती, हिंदू, सगळे. ज्याच्या हातात जो कागद असेल तो त्या वाचून दाखवत. सही करायच्या आधी. घेऊन येणाऱ्या नातेवाइकांनी फाटकाबाहेर थांबायचं, असा नियम होता.

बाकापाशी बसलेली आजी काष्ट्याच्या लुगड्यातली होती. रांगेतल्या बाईनं माझ्या कानात सांगितलं, जयवंतरावांची आई. आग्नेस वाचेल तेव्हाच सही करीन म्हणून हटून बसली होती. मी फाटकाकडे पाहिलं. पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी जयवंतराव, उन्हात.

बाईंचं वाचून झालं होतं.

"यात माझी खोली कुठं आली?" आजीनं विचारलं.

"नाही आली, आजी."

"नीट बघ."

"बघितलं. घर सगळं मुलाच्या नावावर जातंय. तुम्ही कुठं राहायचं ते यात लिहिलेलं नाही."

जयवंतरावांनी फाटकातून आत पाऊल टाकलं. आग्नेसबाईंनी मान वर केली नाही. नुसता हात वर केला, तळवा पुढे, वर्गात कुणी जागेवरून उठलं की करतात तसा. जयवंतराव थांबले. तो हात तसाच वर होता.

आजीनं लेकाकडे एकदा पाहिलं. मग बाकावर सरकून बसली.

"परत वाच," ती म्हणाली. "सावकाश. पहिल्यापासनं."

आग्नेसबाईंनी हात खाली घेतला, चष्मा पदरानं पुसला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.